सत्यवानाशी गोड बोलण्याचा ठराव

१२ जानेवारी १९५८

बोलणाऱ्याची बोरेही विकली जातात म्हणतात. काल देवळातल्या सभेत मी बोललो आणि मीच विकला गेलो. तारकर्लीच्या आमच्या हुतुतू मंडळाचा प्रमुख म्हणून माझी एकमताने निवड झाली. आमच्या गावात एकमत दोनच गोष्टींवर होते: औंदा पाऊस नीट पडला नाही, आणि काम दुसऱ्याने करावे.

मी आयुष्यात हुतुतू खेळलेलो नाही. मालवण बंदरावर माझी मंगळुरी कौलांची वखार आहे. कौले जपून ठेवावीत आणि माणसांना जपून बोलू नये, एवढेच मला येते. पण गेल्या वर्षी आचऱ्याच्या अंतिम सामन्यावर साप्ताहिकात मी चार ओळी खरडल्या होत्या, त्या गावाला पाठ आहेत. आमचा सर्वांत तयारीचा गडी सत्यवान चढाईला गेला. नियम साधा आहे: समोरच्यांच्या अंगणात असेपर्यंत 'हुतुतू हुतुतू' असा आवाज एका दमात चालू हवा, आवाज थांबला की दम तुटला, आणि दम तुटला की गडी बाद. सत्यवान मधली रेघ ओलांडून गेला आणि उभाच राहिला. तोंड उघडे, आवाज नाही. त्याला कोणी धरले नव्हते, शिवलेही नव्हते. मी लिहिले, "आमचा गडी मुलगी पाहायला गेल्यासारखा गेला आणि नाव विचारायचे विसरून परत आला." सगळा किनारा हसला. सत्यवानही हसला. "भाऊ, बरां लिवल्यात," असे मला वखारीत येऊन म्हणाला.

सभेत मी इतकेच म्हटले की या मंडळाला शिस्त नाही. कर्णधार बाबली उठला आणि म्हणाला, "मगे भाऊंकाच करूया प्रमुख. जेका घान दिसता तेनाच पुसूची."

घरी येऊन सांगितले तर आनंदी म्हणाली, "बरां झाला. तुमची जीभ गावात फिरता त्यापेक्षा मैदानार फिरांदे." बायको अशी असली की साप्ताहिकाची गरज नसते.

१६ जानेवारी

संध्याकाळी किनाऱ्यावर सराव पाहिला. ओल्या वाळूत काठीने रेघा ओढतात आणि भरती आली की मैदान समुद्राला परत करतात.

सत्यवान चोवीस-पंचवीसचा. माडाच्या खोडासारखा उभा, पण चपळ. दहा वेळा चढाईला गेला, त्यात तीन-चार वेळा रेघेपलीकडे त्याचा आवाज विझला. विझला म्हणजे वात काढल्यासारखा. धाप नाही, खोकला नाही. सकाळी हाच माणूस रापणीचे जाळे ओढताना असा ओरडत होता की आमच्या परसातली कोंबडी दचकली.

माझे पोट संध्याकाळपासून बिघडले आहे. रात्रीचे वांगे बाधले असावे.

२८ जानेवारी

सत्यवान रापणीच्या जाळ्याची भोके शिवत बसला होता, त्याच्यापाशी जाऊन बसलो. प्रमुखाने गड्याच्या मनात शिरावे, म्हणून सरळ विचारले, "तुझा नेमका काय होता रे?"

त्याने सुईचा दोरा दाताने तोडला. मग म्हणाला, "दम संपना नाय, भाऊ. दम आसता. पन रेघ ओलांडली काय वाटता, हय सगळ्यांचे पाय घट आसत, एकट्या माझेच कापतत. मगे मी त्या पायांकडे बघतंय. बघता बघता आवाज खंय जाता, माकाच कळना नाय."

"औंदा कट्ट्याक काय करशीत?" एप्रिलात कट्टा गावी मोठे सामने आहेत.

"कट्ट्याक आवाज इलो तर इलो," तो म्हणाला. "नाय इलो तर ही चड्डी धुवन बाबलीक दितलंय आनि परत रेघेर पाय ठेवचंय नाय. लोक हसतत तेचा काय नाय. माकाच माझी शिसारी येता."

मी त्याला धीर दिला. म्हटले, "भियासारख्यां काय आसा त्यात? माका बघ. मी भियातंय काय?"

त्याने माझ्याकडे वर पाहिले आणि पुन्हा खाली पाहिले. माझ्या उदाहरणाचा परिणाम झाला असावा. लगेच घरी जावे लागले. पोट. वांगे एवढे दिवस टिकते हे मला ठाऊक नव्हते.

५ फेब्रुवारी

प्रयोग पहिला: सत्यवानाला वखारीत उभे करून कौलांच्या थप्प्यांसमोर दम घालायला लावला. उत्तम घातला. कौले शांतपणे ऐकतात. प्रयोग दुसरा: मालवणच्या बाजारात, मासळीच्या टोपल्यांसमोर. पहिल्या श्वासालाच एक बाई म्हणाली, "अगो बाय, ह्येका काय चावला?" आणि प्रयोग आटोपला. सत्यवान हसत होता खरा. मी नाही हसलो. प्रमुखाने हसू नये.

१८ फेब्रुवारी

मार्ग सापडला! मुंबईहून मेव्हण्याने आरोग्यावरचे एक मासिक पाठवले, त्यात कोण्या विद्वानाचा लेख आहे. खेळाडूचे मन कोवळ्या अंकुरासारखे असते. त्याला टोमणा मारणे म्हणजे अंकुरावर गरम पाणी ओतणे. त्याच्याशी सदैव मृदू, आदराने आणि कौतुकाने बोलावे. त्याच्या अपयशाचा उच्चारही करू नये.

वाचता वाचता मला लख्ख दिसले. आमच्या गावात जन्मल्यापासून अंकुरावर गरम पाण्याखेरीज काही पडतच नाही! "मेल्या" हे आमच्याकडे हाक मारण्याचे नाव आहे. आई लेकराला "फटकी इली तुका", म्हणजे पटकी आली तुला, म्हणून जेवायला बोलावते आणि लेकरू आनंदाने धावते, ही गोष्ट त्या विद्वानाला सांगितली तर तो मासिक बंद करील.

तातडीने देवळात सभा घेतली आणि ठराव केला: कट्ट्याचे सामने होईपर्यंत सत्यवानाला कोणीही टोमणा मारायचा नाही, शिवी द्यायची नाही, आचऱ्याचे नाव त्याच्यासमोर काढायचे नाही. सर्वांनी गोड बोलायचे. सभेला दत्ताराम सोडून झाडून सगळे हजर होते. दत्ताराम आमच्या गावचा गाऱ्हाणे घालणारा. कुठल्याही कार्याआधी देवाला हाक मारून गावाची कैफियत मांडतो. हिवाळ्यात तो मुंबईला मुलाकडे जातो, तो थेट उन्हाळ्यातच उगवतो. त्याच्यावाचून काही अडत नाही.

बाबली म्हणाला, "भाऊ, मी तेका मेल्या म्हणूचंय नाय, तर काय म्हणू?"

"नावान हाक मार."

"तेचा नाव माका आठवक व्हया."

आणि या ठरावातून मी मलाही सूट दिलेली नाही. माझी जीभ हा या किनाऱ्यावरचा ऐवज आहे, तो दोन महिने कुलपात घालतो आहे. इतिहासाने नोंद घ्यावी. आनंदीने घेतली. म्हणाली, "दोन म्हयने? मगे ताप येयत तुमका."

२२ फेब्रुवारी

ठराव उत्तम चालू आहे. आज सरावात सत्यवान घसरून आपटला, तर एरवी वाळूवर लोळून हसणारी मंडळी धावत गेली. एकाने त्याची पाठ झाडली. एक म्हणाला, "लागला तर नाय मा?" बाबली दोन्ही हात जोडल्यासारखे करून म्हणाला, "ये सत्यवान, वायच बस. पानी हाडू?"

सत्यवान एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता. कौतुकाची सवय नाही बिचाऱ्याला.

आवाज आज जरा जास्त वेळा विझला. अंकुर आहे, वेळ लागणारच.

१ मार्च

सकाळी सत्यवानाची आजी हौसाबाई हातात नारळ घेऊन दारात उभी. मला वाटले आभार मानायला आली. तर ओटीवर बसून रडायलाच लागली.

"गुरुदासा, खरां सांग. माझ्या नातवाक काय झाला?"

"खंय काय? बरो आसा तो."

"बरो आसा तर सगळो गाव तेच्याशी गोड कित्याक बोलता? काल ती शेजारीन, जी माझ्या कोंबड्याक दगड मारता, ती तेका म्हणता, 'बाबा, जपान जा हां.' माझ्या घोवाशी गाव एकदाच गोड बोललो होतो. डाक्तरान परत धाडल्यार. आठ दिसांत गेलो तो! तुमका डाक्तरान काय सांगल्यान, ता माका सांगा."

तिला मासिक, अंकुर वगैरे समजावले. तिने डोळे पुसले आणि विचारले, "अंकुर खंय इलो? पोटात?" अडाणीपणापुढे विद्वत्ता काय करणार? तिने नारळ ठेवला आणि जाताना माझ्याच पाया पडली, मी डॉक्टर असल्यासारखी. आनंदी आत तोंडाला पदर लावून होती. तिलाही रडू आले असावे. खांदे हलत होते.

९ मार्च

काल आमच्या वाडीत शिमग्याचे रोंबाट आले. ढोल, सोंगे, मशाली आणि मागे सगळा गाव. दरवर्षी घोळका प्रत्येकाच्या अंगणात जातो आणि घरच्या माणसाने वर्षभर जे काही गाढवपण केले असेल त्याचे गाणे रचून त्याच्याच दारात म्हणतो. ज्याच्यावर गाणे नाही, त्याने वर्षात काही केलेच नाही. माझ्यावर यंदा झकास होते: कौले विकणाऱ्याचे स्वतःचे छप्पर गळते आणि तोंडाला मात्र छप्परच नाही. बाबलीवर होते. हौसाबाईच्या कोंबड्यावर दोन कडवी होती.

सत्यवान आपल्या अंगणात धुतलेला सदरा घालून उभा होता. त्याने देण्यासाठी नारळ आणि गूळ काढून ठेवला होता. घोळका आला. ढोल थांबले. बाबलीने पुढे होऊन त्याला नमस्कार केला, म्हणाला, "बरो रव हां, सत्यवान," आणि सगळे हळू पावलांनी पुढच्या घरी गेले.

मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! शिमग्यातसुद्धा शिस्त! सत्यवान मशाली दूर जाईपर्यंत अंगणातच उभा होता. मग नारळ आणि गूळ उचलून आत गेला आणि दार लावून घेतले. भारावला होता.

१९ मार्च

आचऱ्याच्या मुलांना सरावासाठी बोलावले होते. सत्यवान तीन वेळा चढाईला गेला. तिन्ही वेळा आवाज रेघेपर्यंतसुद्धा पोचला नाही. आमच्या बाजूने एकच गजर: "वा वा, सत्यवान! छान!" काय छान, ते आचऱ्याच्या मुलांना कळेना. त्यांच्यातला एक माझ्या कानात म्हणाला, "भाऊ, ह्येच्या घरात कोन वारलां काय?"

विचार करण्यासारखी गोष्ट आहे. बहुधा खाण्यात दोष असावा. उद्यापासून त्याला कुळथाचे कढण.

माझे पोट अजून तसेच. आनंदी शेजारी ओवा मागायला गेली होती. घरचा संपला म्हणे. तिला सांगितले की ओल्या काजूची उसळ बाधली. ती म्हणाली, "उसळ मी कालच केलंय, पोट जानेवारीपासून आसा." स्त्रियांना वैद्यकशास्त्रातले कळत नाही.

३० मार्च

मासिकातला लेख पुन्हा वाचला. 'मृदू बोलण्याने फरक न पडल्यास अधिक मृदू बोलावे' असे त्यात स्पष्ट नाही, पण ओळींच्या मधून तसे निघते. आजपासून त्याला 'सत्यवानराव' म्हणायचे.

५ एप्रिल

सत्यवान वखारीत आला. कौलाच्या थप्पीवर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, एक इचारू?"

"इचारा, सत्यवानराव."

तो दचकला. "माझ्यात काय एवढ्यां वायट दिसता सगळ्यांका?"

"वायट? सगळे तुमचां कौतुकच करतत मा!"

"ताच," तो म्हणाला. "बाबली माका लहानपनापासून शिये घालता. आता पावन्याशी बोलल्यासारखो बोलता. माका वाटता, सगळ्यांनी माझी आशा सोडल्यानी." त्याने थप्पीवरचे बोट काढून घेतले. "कट्ट्याक येतंय मी. शब्द दिलंय. पन मगे संपला."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवून मृदूपणे सांगितले की आशा वगैरे कोणी सोडलेली नाही. तो म्हणाला, "बगा, तुमीपन," आणि गेला.

जिभेवर चार खणखणीत शब्द आले होते, ते गिळले. ते तसेच पोटात गेले असावेत. रात्र वाईट गेली.

१२ एप्रिल

उद्या कट्टा. दत्ताराम आज सकाळी मुंबईहून उतरला. दुपारी त्याला ओटीवर गजाली मारताना पाहिले, चार बायका भोवती, त्यात आमची आनंदी. त्याला ठरावाबद्दल सांगायचे राहून गेले. गाऱ्हाणे म्हणजे तो नेहमीचे चार शब्द बोलणार, त्यात काय सांगायचे.

आनंदी म्हणते मी उद्या घरीच राहावे, पोट असे आहे तर. मीही तसेच म्हणणार होतो. पण तिने म्हटल्यावर जाणे भाग आहे.

१४ एप्रिल

काल रात्री घरी यायला उशीर झाला, म्हणून आज लिहितो.

कट्ट्याच्या मैदानाकडेला आंब्याखाली आमची मंडळी गोल उभी राहिली. मध्ये नारळ, उदबत्ती. दत्ताराम पुढे झाला, धोतर सावरले, डोळे मिटले आणि त्याने हाक दिली:

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक टप्प्याला सगळ्यांनी असा होकार द्यायचा असतो. दिला नाही तर देवापर्यंत पोचत नाही.

"आज तुझी लेकरां हय खेळूक इली आसत. तुका सगळां ठावक आसा, तरी पन तुझ्या कानार घालूचा आमचां काम, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो बाबली. गेल्या वर्साक सामन्याच्या आदी माडाआड जावन वकलो. चौघांनी बगल्यानी, कोनीच बोलाक नाय. ह्येच्या पोटात बळ घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबलीने होकार दिला, पण जरा खाली पाहून. मला हे नवीन होते. सत्यवानालाही असावे, त्याने चमकून बाबलीकडे पाहिले.

आणि मग माझ्या लक्षात आले की पुढचे नाव कोणाचे. मी दत्तारामाचे धोतर ओढले. पण गाऱ्हाण्यात उभ्या माणसाला धोतर सुटले तरी कळत नाही.

"ह्यो सत्यवान! आचऱ्याक सुक्यार पडलेल्या माशासारखो तोंड वासून उभो रवलो. ह्येका कोनी धरूक नाय, कोनी शिवाक नाय, ह्यो आपनच मेलो! तुझ्या दारात लपवन काय उपेग? ह्येका वाचा दी, म्हाराजा!"

कोणी हूं की चूं केले नाही. दोन महिन्यांचा ठराव सगळ्यांच्या घशात अडकला होता. सगळे माझ्याकडे पाहत होते. उदबत्तीचा धूर सरळ वर चालला होता. माझे अंकुर, माझे कुळथाचे कढण, सगळे या म्हाताऱ्याने एका वाक्यात उकडले होते.

आणि मग एकट्याचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

सत्यवान. डोळे मिटून, छाती भरून. मग बाबलीने दिला, मग सगळ्यांनी, आणि असा दिला की आंब्यावरचे कावळे उठले.

दत्ताराम थांबला नव्हता. "आनि ह्यो गुरुदास! मंडळाचो प्रमुख म्हणान टोपी घालून उभो आसा. तीन म्हयने भियान ह्येचां पोट धरूक नाय. वाडीतलो ओवो संपलो, बायल मागून मागून थकली. ह्येच्या पोटाक बांध घाल, म्हाराजा!"

मी होकार दिला नाही. काजूच्या उसळीची गोष्ट देवाला चुकीची कळवली जात होती. पण बायकांच्या घोळक्यातून आनंदीचा "व्हय म्हाराजा" सगळ्यांत आधी आला, आणि त्याच्या पाठोपाठ सत्यवानाचा.

गाऱ्हाणे संपल्यावर तो माझ्याजवळ आला. "भाऊ," म्हणाला, "तुमीपन भियाल्यात?"

"काजूची उसळ होती."

"तीन म्हयने?"

मी टोपी नीट केली. तो हसायला लागला. हसता हसता गुडघ्यावर हात ठेवून वाकला. बाबलीने त्याच्या पाठीत धपाटा घातला: "हसतंस काय मेल्या, चड्डी सांभाळ!" ठराव तिथेच संपला, पण प्रमुख म्हणून माझी परवानगी कोणी घेतली नाही.

सामना आचऱ्याशीच. मी आंब्याच्या बुंध्याला धरून उभा होतो, ऊन होते म्हणून. सत्यवान पहिल्या चढाईला निघाला. मधली रेघ ओलांडली. मी डोळे मिटले, आणि कानात आले, "हुतुतू हुतुतू हुतुतू." उघडले तेव्हा तो त्यांच्या कोपऱ्यात घुसला होता. एकाने पाय धरला, दुसऱ्याने कंबर, मग चौघे-पाच जण अंगावर. तो दिसेनासाच झाला, नुसता ढीग. पण ढिगाखालून आवाज चालूच होता. दबलेला, मातीत घुसलेला, पण चालू. एक हात तेवढा बाहेर आला आणि रेघेच्या दिशेने बोटे मातीत रुतवत सरकू लागला. पंच गुडघ्यावर बसला, मग कान जमिनीला लावून ऐकू लागला. सगळे मैदान गप्प, आणि जमिनीतून "हुतुतू हुतुतू."

"अरे मेल्या, फटकी इली तुज्या तोंडार! वीतभर रवली, वड हात!" कोण ओरडले म्हणून वळून पाहिले, तर सगळे माझ्याकडेच पाहत होते.

वीतभरच राहिली. आवाज थांबला. पंचाने हात वर केला. सत्यवान बाद.

ढीग उठला. तो उठला तेव्हा कपाळापासून हनुवटीपर्यंत माती. मला वाटले, आता हा चड्डी सोडूनच जातो. तो थुंकला, बाबलीजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "तोंडात माती गेली म्हणान थांबलंय. नायतर थयच रात काढलंय असतंय."

"रात काढूक ती काय तुझी सासुरवाड, गाढवा?" बाबली म्हणाला.

पुढे तो परत आत आला, परत गेला. एकदा दोन गडी मारून आला, एकदा पुन्हा सापडला. एकाही खेपेला आवाज आपणहून विझला नाही. शेवटी आम्ही एका गुणाने हरलो. हौसाबाईने आचऱ्याच्या सगळ्या पिढ्यांचा उद्धार केला आणि नंतर आपल्या नातवाचा, आणि तिच्या चेहऱ्यावर मी इतके समाधान कधी पाहिले नव्हते.

परतीला शेवटची एस.टी. मिळाली. मी आनंदीला सगळे नीट समजावून सांगितले. हा निकाल म्हणजे माझ्या पद्धतीचाच विजय आहे. दोन महिने गोडव्याने अंकुराची मुळे इतकी घट्ट झाली होती की दत्तारामाने ऐन वेळी कढत पाणी ओतले तरी अंकुर टिकला. गोडवा नसता तर काय झाले असते, कल्पना कर.

"व्हय म्हाराजा," आनंदी म्हणाली आणि पुढच्या बाकावरच्या दोघी फिस्सकन हसल्या. तिने टोपलीतून पोळी आणि माशाचे लोणचे काढून दिले. चांगल्या तीन पोळ्या खाल्ल्या. काही झाले नाही.

मागच्या बाकांवर बाजार भरला होता. सत्यवानाच्या अंगावर एकूण किती जण होते, यावर वाद. तो सांगेल तो आकडा बाबली खोडून काढत होता. कोणी म्हणाले, ढिगाखाली हा झोपून घोरत होता, पंचाला हुतुतू वाटले. मग त्याला पैज लावली, पुढच्या वळणापर्यंत एका दमात. तो उभा राहिला, वरचा दांडा धरला आणि सुरू झाला. गाडीतले बाजारकरी, कोंबड्या, हौसाबाई, सगळे ठेका धरून.

कंडक्टर तिकिटे फाडत मागे पोचला आणि बाबलीला विचारले, "जिकलात काय रे?"

"नाय. हरलंव."

"हरलात? मगे ह्यो आवाज कसलो?"

बाबलीने सत्यवानाकडे बोट केले. "ह्येचो," म्हणाला.